पेटीवरचा तालुका

दिगू, तुझ्या पेटीवर काय लिहायचं यावरून शवागाराच्या दारात भांडण झालं आणि ते मिटवायला तू नव्हतास. एरवी असल्या जागी कोणी आवाज चढवला की तू पुढे व्हायचास, खिशातला जाड काळा मार्कर काढायचास आणि म्हणायचास, "सरा बाजूक, लिवक देवा." या वेळी तो मार्कर माझ्या हातात होता. तुझ्याच शर्टाच्या खिशातून काढून तुझ्या खोलीतल्या पोरांनी माझ्याकडे दिला. तुझी जन्मतारीख, तुझी नोकरी, तुझे गुण, सगळं शोकसभेत सांगून झालंय, ते मी इथे उगाळणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. अर्धं भांडण टाकून निघून जायची ही काय पद्धत झाली?

वाचणाऱ्याला कळावं म्हणून एवढं सांगतो. आपला तालुका सातेरीपेठ. म्हणजे होता. तिथल्या हायस्कुलात आपण एका बाकावर बसलो. तुझं फणसगाळू नदीच्या दक्षिणेला, माझं माळवाडे उत्तरेला. मग सरकारने तालुका तोडला. उत्तरेकडच्या गावांचा वेगळा तालुका झाला आणि त्याचं ठाणं कुंभारमाळला आलं. रेघ नदीवरून ओढली असती तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. ती ओढली डोंगरावरून, आणि दक्षिणेची चारदोन गावंही, त्यात तुझं फणसगाळू, नव्या तालुक्यात येऊन पडली. तेव्हा तू इथे कुवेतला, शुवैखमध्ये, पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होतास आणि मी नुकताच कुवेत सिटीत अकाउंटंट म्हणून लागलो होतो. ही बातमी तुला मीच दिली, आणि हसत हसत दिली, कारण आमच्या बाजूची गावं त्यासाठी किती वर्षं मोर्चे काढत होती. तू पान्याला लागलेलं ग्रीस पुसत राहिलास. मग म्हणालास, "माका कोणी इचारल्यान?"

तुला कोणी विचारलं नव्हतं हे खरं. म्हणून तूही पुढे कोणाला विचारलं नाहीस. पासपोर्ट नवा झाला, त्यावर कुंभारमाळ आलं. आधारवर कुंभारमाळ आलं. वकिलातीत, कंपनीचे सरकारी कागद करणाऱ्या मंदूबकडे, दवाखान्यात, कुठेही कोणी तालुका विचारला की तू छाती काढून सातेरीपेठ सांगायचास आणि समोरचा माणूस कागद बघून गोंधळात पडायचा. मंदूब बिचारा इजिप्तचा. त्याला तालुका म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तरी त्याला तू समजावत बसायचास.

गावाकडे तालुका तुटला तर तिकडे कचेरीच्या पाट्या बदलल्या. इथे वाळवंटात आपण त्याहून मोठा पराक्रम केला. वर्ष फिरायच्या आत आपलं तालुका मंडळ तोडलं. दोन सत्यनारायण, दोन गणपती, दोन क्रिकेटचे संघ. अब्बासियातल्या ज्या हॉलमध्ये सगळे एका पंगतीला बसायचे तिथे आता एका शुक्रवारी जुने आणि पुढच्या शुक्रवारी नवे. मी नव्या मंडळाचा अध्यक्ष झालो आणि अजून आहे. तू जुन्यातच राहिलास. पण जुन्या मंडळाच्या घटनेत सभासद त्याच तालुक्याचा हवा, आणि तुझे कागद तर दुसरंच बोलत होते. त्यांच्या अध्यक्षाने, परबने, भर सभेत ते काढलं. सगळ्यांच्या देखत तुला कमिटीवरून उतरवलं. मी तुला म्हटलं, ये आमच्याकडे, कागदावर तू आमचाच आहेस. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

एका मंडळाला तू नको होतास, दुसरं तुला नको होतं. पण कुठे कोणी गेलं की दोन्ही मंडळांचे फोन आधी तुला यायचे.

ते काम तू कधीपासून अंगावर घेतलंस ते मला पक्कं आठवतं. आंबेगाळचा तो सुतार गोविंद मेस्त्री गेला, त्यानंतर. कुवेतवरून पेटी गोव्याला उतरली. ड्रायव्हरला सांगितलं होतं आंबेगाळ, जिल्हा अमुक. जिल्ह्यात आंबेगाळ दोन आहेत, वेगवेगळ्या तालुक्यांत, हे सांगायचं कोणाला सुचलं नाही. हे असलं आपल्याच लोकांच्या हातून व्हायचं, कारण आपल्याला आपलं ते एकच आंबेगाळ वाटतं. पेटी गेली दुसऱ्याच आंबेगाळला. तिथे कोणाचा माणूस कुवेतला नव्हता. तरी त्या लोकांनी गाडी परत धाडली नाही. शाळेच्या बाजूला आंब्याखाली पेटी उतरवली, दिवा लावला, गावातल्या बायका पेटीजवळ बसल्या. खऱ्या आंबेगाळची माणसं येईपर्यंत कोणी उठलं नाही. ते ऐकून तू म्हणालास, "माणसा बरी म्हणान निभावला. हेच्या फुडे तालुको लिवल्याशिवाय पेटी हलवची नाय." तेव्हापासून तो मार्कर. कागद कार्गोवाले चिकटवायचे. त्याच्या शेजारी, डोक्याच्या बाजूला, तू ठसठशीत देवनागरीत लिहायचास. नाव, गाव, आणि खाली मोठ्या अक्षरात तालुका. नव्या तालुक्याच्या माणसाच्या पेटीवर नवा लिहायचास, काही कुरकूर न करता. मी एकदा चिडवलं तर म्हणालास, "ह्येचो तालुको ह्येना ठरवचो. माझो मी."

शुक्रवारी दुपारी तू हवल्लीला आमच्याकडे यायचास. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, वाण्याच्या दुकानातून, माझ्या लेकीसाठी, ईशासाठी, चॉकलेट घ्यायचास. माझ्यासाठी वाद तर आणलेलाच असायचा. माझी बायको रेवती चहा टाकायच्या आत आपण सुरू.

"कचेरी खयव व्हर रे. बाजार खय व्हरतलंस?" हे तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, कचेरी नेता येते, बाजार नेता येत नाही. मग तू मंगळवारचा बाजार काढायचास. तुझी आजी तिथे सुकी मासळी विकायची. तुझ्या बहिणीची सोयरीक कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर जुळली, दोन्हीकडचे बाप वेगवेगळ्या खटल्यांसाठी आले होते म्हणून. हरवलेल्या म्हशीची चौकशीसुद्धा स्टँडवर करायची, कोणीतरी कुठेतरी बघितलेली असायचीच. घरातून "तालुक्याला जाऊन येतो" एवढंच सांगून निघालेला माणूस नेमका कशाला गेला होता हे संध्याकाळी त्याचं त्यालाही धड सांगता यायचं नाही. बियाणं, स्टॅम्पपेपर, दाताचा डॉक्टर, मामाच्या गावची खबर, सगळं एका फेरीत. "जय गेल्यार आपली माणसा गावतत, तो तालुको," तू म्हणायचास. "साहेब बसता तो न्हय."

आणि मी माझ्या आईला मध्ये आणायचो. दर वेळी. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून माझी आई त्या कचेरीच्या पायऱ्यांवर किती वेळा बसली ते मला माहीत आहे. पावसात होडी बंद झाली की वळसा मारून दोन गाड्या बदलायच्या. गेल्यावर कळायचं साहेब दौऱ्यावर. परत यायचं, चूल पेटवायची. तुला तुझ्या तालुक्यात माणसं भेटली, दिगू. माझ्या आईला शिपाई भेटला. नव्या ठाण्याला आमच्या बाया सकाळी जातात आणि दुपारचं जेवायला घरी असतात. एवढं एक मला तुझ्याकडून ऐकायचं होतं, की अन्या, तुझ्या आईच्या बाबतीत तुझं बरोबर. किती वर्षं वाट पाहिली. तू चहा बशीत ओतायचास आणि म्हणायचास, "पण बाजार?"

एकदा ईशाने फोनमधून मान वर न काढता विचारलं, "बट अंकल, तालुका इज जस्ट लाइक अ पिनकोड, राइट?" मला वाटलं आता तुझा भडका उडणार. तू कप खाली ठेवलास आणि तिला शांतपणे म्हणालास, "बाय, पिनकोडात कोण कोणाक भेटता काय?" ईशाने खरंच विचार केला आणि म्हणाली, "नो." तू माझ्याकडे बघितलंस ते कोर्टातून खटला जिंकून बाहेर आल्यासारखं.

मग एका शुक्रवारी तू मिशेलला घेऊन आलास. तुमच्या वर्कशॉपमध्ये पंप तपासायला येणारा तो फ्रेंच इंजिनिअर, उंच, उन्हाने लाल झालेला, रेवतीच्या हातची सोलकढी बघून जरा बिचकलेला. तू मला दारातच सांगितलंस, "ह्येचोव तालुको गेलो." लग्नाच्या मांडवात वऱ्हाडातला नातेवाईक सापडावा असा तुझा चेहरा होता.

मिशेल जेवता जेवता इंग्रजीत सांगत गेला. त्यांच्याकडे त्याला काँतों म्हणतात. पंधरावीस गावं, गुरांचा डोंगराळ मुलूख, आणि मध्ये एक छोटं शहर, त्याला शहर म्हणायचं झालं तर. तिथे पोलीस, टपालकचेरी, खरेदीखतं आणि जमिनीचे दस्त करणारा नोटरी, मोठ्या मुलांची शाळा, गुरुवारचा बाजार. वर्षातून एकदा काँतोंचं गुरांचं प्रदर्शन भरायचं. त्यात त्याच्या वडिलांच्या गाईला एकदा बक्षीस मिळालं होतं आणि तो बक्षिसाचा कप त्याची आई अजून पुसून कपाटात ठेवते. काही वर्षांपूर्वी सरकारने बरीच काँतों एकमेकांत मिसळून टाकली. त्याचं काँतों दूरच्या एका मोठ्या काँतोंला जोडलं. आता ते नाव मतदानाच्या कागदावर नाही. पण आगीच्या बंबावर आहे. गुरांच्या प्रदर्शनाच्या पाटीवर आहे. त्याची म्हातारी आई नव्या ठिकाणच्या सुपरमार्केटला जात नाही, गुरुवारी जुन्या बाजारालाच जाते, मग तिथे अंडी मिळोत न मिळोत.

"ऐकलंस?" तू मला म्हणालास. घास हातातच होता.

मी मिशेलला विचारलं, की मुळात काँतों एवढंच का, त्याहून मोठं का नाही? तो म्हणाला, त्याचे आजोबा सांगायचे, माणूस सकाळी चालत निघाला तर कामं उरकून दिवेलागणीच्या आत घरी परत यायला हवा, म्हणून एवढं. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, माझी आई हेच मागत होती, दुसरं काय मागत होती? मिशेल एकदा तुझ्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. त्याला कळेना त्याचं काँतों नक्की कोणाच्या बाजूने आहे. शेवटी तो भात कालवायला लागला. त्या दिवसापासून तू आणि तो तालुक्याला काँतोंच म्हणायचात, आणि वर्कशॉपमध्ये बाकीचे पोरगे तुम्हाला हसायचे.

एक गोष्ट मात्र मी कधी बोललो नाही, ती आता बोलतो. आई गेली तेव्हा विमानं बंद होती. मला जाता आलं नाही. तू आलास, मला खुर्चीवर बसवलंस आणि माझा फोन स्वतःच्या हातात धरलास. माळवाड्याच्या नदीकाठावर तिला सरणावर ठेवलेलं मी तुझ्या हातातल्या फोनवर पाहिलं. तुझा हात एकदाही हलला नाही. सगळं संपल्यावर तू पेज केलीस, मला जेवायला लावलंस, आणि मग कितीतरी आठवडे तालुक्याचा विषय काढला नाहीस. शुक्रवारी यायचास, पाण्याचं, पगाराचं, ईशाच्या परीक्षेचं बोलायचास. मला ते सोसेना. शेवटी मीच म्हणालो, "तरी नव्या ठाण्यामुळे तिचा दाखला लगेच मिळाला हां." तू इतका खुश झालास की चहा थंड होईपर्यंत मला झोडपत राहिलास. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

आणि मग तू एका सकाळी ड्युटीला निघता निघता खोलीच्या दारातच बसलास आणि उठला नाहीस.

शवागारासमोर सकाळी उन्हात दोन्ही मंडळं उभी होती. परब पांढऱ्या शर्टात, हातात हार. आमचा सेक्रेटरी, त्याच्याही हातात हार. जिवंतपणी तू ज्यांच्यापैकी कोणाचाच नव्हतास, त्या दोघांनीही तुझ्यासाठी हार आणले होते. परब म्हणाला, "दिगंबर आमच्या मंडळाचो जुनो माणूस. पेटयेर सातेरीपेठच जातला." आमचा सेक्रेटरी म्हणाला, कागदांवर कुंभारमाळ आहे, गाव कुंभारमाळात आहे, म्हणून पेटीवरही आमच्याच तालुक्याचं नाव जाणार. मग आवाज वाढले. तिथल्या नर्स खिडकीतून बघायला लागल्या. मला सांगायला हरकत नाही, त्या क्षणी दोघांचेही हार काढून वाळूत टाकावेत असं मला वाटलं. परबला म्हटलं, "त्येका कमिटीवरसून उतरवताना ह्यो तालुको खय गेल्लो?" परब हातातला हार चाचपायला लागला. आमच्या सेक्रेटरीला म्हटलं, "आणि तू गप्प ऱ्हव." तो माझ्यावर अजून रुसलेला आहे.

मी बाजूला जाऊन गावाला, तुझ्या घरी, सुनंदा वहिनींना फोन लावला. पेटी तुझी, पण घर त्यांचं. म्हटलं, वहिनी, काय लिहू?

त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, खरा सांगू? तो जुनो तालुको त्येंनी थय कुवेताक बसान सांभाळल्यानी. हय रवलंय ती मी. चेडू आजारी पडला तेवा रातीची खय धावलंय? नव्यात. त्येचो शाळेचो दाखलो खय काढलंय? नव्यात. माका नवोच बरो." मी काही बोलणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "पण पेटी त्येंची. त्येंका काय व्हया ता तुमका म्हायत आसा. इचारतास कित्याक?"

दिगू, हे ऐकून मला काय वाटलं ते तुला कळायला हवं. तुझ्या घरातच माझ्या बाजूचं मत होतं, इतकी वर्षं, आणि तू मला त्याचा पत्ता लागू दिला नाहीस. तू हरलेला खटला लढवत होतास. बायकोसमोर हरलेला, कागदासमोर हरलेला, मंडळासमोर हरलेला. तरी दर शुक्रवारी चप्पल घालून हवल्लीला यायचास.

मी परत आलो आणि मार्करचं टोपण काढलं. कार्गोचा माणूस मल्याळी होता, चांगला होता, पण नियमाचा. म्हणाला, "भाई, पेपर में जो है वही लिखना. दूसरा कुछ नहीं."

मी म्हटलं, "पेपर की जगह पेपर लगा है. यह मैं लिख रहा हूँ."

"उधर प्रॉब्लेम होगा."

"होगा तो मैं साथ में जा रहा हूँ. मुझसे पूछेंगे."

मग मी लिहिलं. माझं अक्षर तुझ्यासारखं ठसठशीत नाही. दिगंबर. मुक्काम फणसगाळू. आणि खाली, नव्या तालुका मंडळाच्या अध्यक्षाच्या हाताने, मोठ्या अक्षरात, तालुका सातेरीपेठ. परबने टाळी वाजवायला हात उचललेला मी पाहिला. माझं तोंड बघून त्याने तो खाली घेतला. तुझं बरोबर होतं म्हणून मी लिहिलेलं नाही, हे नीट ध्यानात घे. तुझा तालुका तू ठरवायचा, हे तूच सांगून ठेवलं होतंस. मी फक्त ते पाळलं.

मिशेल उशिरा पोचला. त्या उन्हात टाय बांधून आला होता. पेटीकडे गेला, अक्षरांवरून बोट फिरवलं, त्याला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. मला विचारलं, "त्याचं काँतों लिहिलं?" मी म्हटलं, हो. "जुनं?" जुनं. त्याने मान हलवली, पेटीवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. त्या सगळ्या गर्दीत भांडण नक्की कशाचं आहे हे न सांगता कळलेला तो एकटाच होता.

गोव्याला कोणी काही विचारलं नाही. कागद बघितले, शिक्का मारला, झालं. मी ॲम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलो. सरळ रस्ता हायवेने कुंभारमाळ, तिथून पूल उतरला की फणसगाळू. हा पूल आमच्या मोर्च्यांमुळे झाला, हे मी तुला त्याही वेळी मनात ऐकवत होतो. फाट्याच्या अलीकडे ड्रायव्हरचा फोन वाजला. वहिनींचा होता. तो "हां, हां" करत राहिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनी सांगतत सातेरीपेठेवरसून हाडा. लांब पडात म्हटलंय, तर म्हणाल्यो पडांदे."

आणि तो मंगळवार होता, दिगू, बाजाराचा. वहिनींना ते माहीत नसेल असं मला वाटत नाही.

बाजारात गाडी पुढे जाईना. टोपल्या, टेम्पो, कोंबड्या, सगळं रस्त्यावर. कचेरीच्या अर्ध्या खोल्यांना कुलपं आहेत आता, पण समोर अर्ज लिहिणारे आहेत, आणि तुझी ती चहाची टपरी आहे, मालकाचा मुलगा चालवतो. हॉर्न वाजवू नको म्हणून मी ड्रायव्हरला सांगितलं. एक मासळीवाली म्हातारी टोपली उचलून बाजूला झाली आणि तिने खिडकीत वाकून विचारलं, "खयचो रे?"

"फणसगाळूचो," ड्रायव्हर म्हणाला. "कुवेताक होतो."

"ता गाव नव्यात गेला मां?"

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी मागे पेटीकडे बोट केलं. म्हातारी तशीच मागे गेली. मागच्या दाराला काच होती आणि तुझं डोकं, म्हणजे मी लिहिलेलंही, त्या बाजूला होतं. तिला वाचता येत होतं की तिने कोणाकडून वाचून घेतलं, मला आरशात दिसलं नाही. तिचा आवाज मात्र आला. बाजाराला ऐकू जाईल असा आवाज होता. "वाट करा गो. आमचोच आसा."

आणि वाट झाली. टपरीवाला बाहेर आला. अर्ज लिहिणारा एक म्हातारा उभा राहिला. तुला ओळखणारं तिथे आता कोणी नव्हतं. तरी दोन्ही बाजूंनी माणसं उभी राहिली, हातात पिशव्या, कोथिंबीर, एकाच्या काखेत कोंबडा. मी पुढच्या सीटवर बसून रडलो. ड्रायव्हरने पाण्याची बाटली दिली. मी रडतोय हे बघून तू काय म्हणाला असतास ते मला ठाऊक आहे. म्हणाला असतास, "पण बाजार?"

बरं. बाजार तुझा. हे एवढं तुला दिलं.

पण यापुढे काही देणार नाही. परत आल्यावर शोकसभा झाली. परब बोलला, तू तालुक्याचं भूषण होतास. कोणत्या, ते त्याने सांगितलं नाही. मग कोणीतरी उठून म्हणालं की दिगूच्या स्मृतीसाठी दोन्ही मंडळं एक करूया, त्याची तीच इच्छा होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभा राहिलो आणि नाही म्हणालो. तुझी ती इच्छा होती हे मला कोणी सांगायला नको. जायच्या आधीच्या शुक्रवारीच तू त्यावरून माझं डोकं खाल्लं होतंस. तेव्हा मी नाही म्हणालो होतो, तुला तोंडावर. आता तू उत्तर देऊ शकत नाहीस म्हणून मी हो म्हणावं, हा तुझा अपमान झाला. माझी आई त्या पायऱ्यांवर बसली होती, ते तुझ्या जाण्याने पुसलं जात नाही. पेटीचं काम तेवढं दोघांनी मिळून करायचं, असं मी मांडलं, आणि ते मात्र कोणी खोडलं नाही. मार्कर आता माझ्या खिशात असतो. मागच्या आठवड्यात एकदा काढावा लागला. जुन्या तालुक्याचा माणूस होता. मी जुना लिहिला, काही कुरकूर न करता.

शुक्रवारी दुपारी रेवती अजून तीन कप काढते. मग एक परत ठेवते. ईशाने परवा मला विचारलं, मराठीत विचारलं, अडखळत, की बाबा, अंकलचं बरोबर होतं की तुमचं. मी म्हटलं, माझं. ती म्हणाली, मग तुम्ही त्यांचं का लिहिलं? मी तिला सांगितलं की जेवून घे.

तुला नदीच्या दक्षिणेला अग्नी दिला. तुमच्या काठावरून आमचा काठ दिसतो, माझी आई गेली तो. बोललेलं इकडून तिकडे ऐकू जातं, लहानपणी आपण तिथून एकमेकांना शिव्या घालायचो. मी रेवतीला सांगून ठेवलंय, परबकडूनही शब्द घेतलाय. तो नाइलाजाने दिला त्याने, पण दिला. माझी वेळ आली की मला उत्तरेच्या काठावर न्यायचं, हायवेने, सरळ रस्त्याने, वळसा न घालता. आणि माझ्या पेटीवर नवा तालुका लिहायचा. कुंभारमाळ. मोठ्या अक्षरात.

तोवर तुझा मुद्दा तयार ठेव.